मदत हवी आहे: इन्सास कार्बाइन मागे का पडली?

दिवाळी अंकासाठी स्वदेशी लष्करी रायफलींवर लेख लिहीत आहे. पुण्याच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने ५.५६ मिमी इन्सास (इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम) या शस्त्रमालिकेची आखणी रायफल, लाइट मशीनगन आणि कार्बाइन (आखूड नळीची रायफल) अशी तिहेरी केली होती. पहिल्या दोन सेवेत आल्या, रायफल १९९९ च्या कारगिल युद्धातही वापरली गेली, कार्बाइन मात्र मागे पडली आणि पुढे ५.५६ × ३० मिमी काडतुसाची जेव्हीपीसी (जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन) वेगळी घडवावी लागली. रायफलीच्या पारदर्शक मॅगझिनवर नको तितके लिहिले गेले आहे, कार्बाइनवर जेमतेम एखादे वाक्य. मुंबईच्या फोर्टमधील एशियाटिक ग्रंथालयातली जुनी वृत्तपत्रे चाळून झाली आहेत. मराठी, हिंदी वा इंग्रजी प्रकाशित साहित्यच हवे. गोपनीय काहीही नको. आखूड नळीतून रायफलीचेच काडतूस झाडल्याने वाढणारा आवाज आणि ज्वाळा हे इन्सास कार्बाइन मागे पडण्याचे मुख्य कारण होते का, आणि तसे कोणत्या अधिकृत अहवालात नोंदलेले आहे?