मेश वायफायमध्ये वेगळ्या मॉडेलचा सॅटेलाइट जोडल्यास सगळ्या जाळ्याचा वेग उतरतो का?

प्रश्न
आमच्या घरात वायफाय ६ चा, तीन बँडचा (तीन रेडिओ पट्ट्यांचा) मेश संच आहे, म्हणजे मुख्य राउटर आणि त्याची रेंज पुढे नेणारे सॅटेलाइट मिळून एकच वायफाय जाळे. मुख्य राउटर दिवाणखान्यात आहे आणि त्याच मॉडेलचा एक सॅटेलाइट वरच्या मजल्यावर आहे. जिन्यामागच्या खोलीत मात्र रेंज जेमतेम पोहोचते आणि व्हिडिओ कॉल चालू असताना समोरच्याचा आवाज तुटतो, म्हणून तेथे आणखी एक सॅटेलाइट घ्यावा असा विचार आहे. आमच्या मॉडेलचा सुटा सॅटेलाइट आता मिळत नाही. त्याच कंपनीचा जो मिळतो तो वायफाय ५ चा आणि दोनच बँडचा आहे. कंपनीच्या सुसंगत मॉडेलांच्या यादीत त्याचे नाव आहे. हा जोडला तर संपूर्ण जाळे त्याच्या पातळीवर येईल का?

उत्तर १
संपूर्ण जाळे खाली येत नाही. वेग कमी होतो तो त्या सॅटेलाइटला जोडलेल्या उपकरणांचा, आणि तोही त्याच्यावर वायफाय ५ लिहिलेले आहे म्हणून तितकासा नव्हे, तर बॅकहॉलमुळे, म्हणजे सॅटेलाइट आणि मुख्य राउटर यांच्यातल्या दुव्यामुळे. तुमच्या सध्याच्या जोडीत तिसरा बँड बहुधा या दुव्यासाठीच राखून ठेवलेला असेल. नव्या सॅटेलाइटकडे तो बँडच नसल्याने ५ गिगाहर्ट्झच्या एकाच रेडिओवरून तो लॅपटॉपशीही बोलणार आणि राउटरशीही. प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते, त्यामुळे हाती येणारा वेग साधारण निम्मा होतो. दोन स्ट्रीम (एकाच वेळी जाणारे डेटाचे प्रवाह) आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर वायफाय ५ चा कागदोपत्री वेग ८६७ एमबीपीएस असतो. प्रत्यक्षात त्यापेक्षा बराच कमी मिळतो, आणि त्याचाही निम्मा धरला तरी, काही एमबीपीएसवर भागणाऱ्या व्हिडिओ कॉलला तो सहज पुरतो.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. हा सॅटेलाइट आणि मुख्य राउटरला थेट जोडलेले फोन ज्या चॅनेलवर असतील त्याचा वेळ ते वाटून घेतात, त्यामुळे मागच्या खोलीत मोठी फाइल उतरत असेल तर दिवाणखान्यातही थोडा फरक जाणवू शकतो.

जागेबाबत बहुतेकांची चूक होते, ती टाळावी. जेथे रेंज नाही त्या कोपऱ्यातच सॅटेलाइट ठेवला, तर त्यालाही राउटर नीट ऐकू येत नाही आणि तो दुबळा दुवाच पुढे वाटत बसतो. तो जिन्याच्या अलीकडे, राउटर आणि खोली यांच्या साधारण मध्यावर ठेवावा. शिवाय तो वरच्या मजल्यावरच्या सॅटेलाइटमागे साखळीने न जोडता थेट मुख्य राउटरला जोडला गेला आहे ना, हे अॅपमध्ये पाहावे.

उत्तर २
केबल टाकणे शक्य असेल, तर बँडचा हा हिशेबच करावा लागत नाही. इथरनेट बॅकहॉल असताना दोन बँडचा सॅटेलाइटही उत्तम चालतो. परंतु घेण्यापूर्वी त्याचे लॅन पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) आहेत का ते पाहावे. मी स्वतः केबल टाकून झाल्यावर चार दिवस स्पीड टेस्ट करत होतो आणि खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यात आकडा ९४ च्या आसपासच येत होता. वायफायचा आकडा असा एकाच जागी थांबत नाही, तो सारखा खालीवर होतो, ही गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. सॅटेलाइटचा पोर्टच १०० एमबीपीएसचा निघाला. पोर्ट गिगाबिटचा असूनही हाच आकडा दिसला, तर केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या नीट बसल्या आहेत का ते तपासावे, कारण एखादी जोडी तुटली तरी दुवा १०० वर उतरू शकतो.

उत्तर ३
वेगापेक्षा मला सुरक्षेची सेटिंग अधिक महत्त्वाची वाटते. मेशमध्ये नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच असतो. जुन्या सॅटेलाइटला डब्ल्यूपीए३ ही वायफाय सुरक्षेची नवी पद्धत येत नसेल, तर काही संचांत संपूर्ण जाळेच आधीच्या डब्ल्यूपीए२ वर ठेवावे लागते. पहिल्या उत्तरात ‘जाळे खाली येत नाही’ असे म्हटले आहे, ते या एका बाबतीत लागू पडत नाही. दुसरे असे की, जुन्या मॉडेलला फर्मवेअरचे (उपकरणातल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट अजून मिळतात का, हेही पाहून घ्यावे. ईझीमेश हे २०१८ मध्ये आलेले मानक वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे जोडण्यासाठीच आहे, पण एकाच कंपनीची सुसंगत यादी हाताशी असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. जिन्याखालून केबल नेता येईल असे दिसते, त्यामुळे गिगाबिट पोर्टचाच सॅटेलाइट घेईन. एकच शंका उरली आहे: खोलीत गेल्यावर फोन आपोआप नव्या सॅटेलाइटवर जाईल का?

उत्तर १
तो निर्णय शेवटी फोनचा असतो. ८०२.११के आणि ८०२.११व्ही या वायफाय मानकांच्या आधारे मेश त्याला फक्त सुचवू शकते, आणि काही जुने फोन जुन्या दुव्यालाच चिकटून राहतात. अशा फोनचे वायफाय खोलीत गेल्यावर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे.