'पॅरिश' : गावचे चर्च की धर्मग्राम?

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातील ईम या लहानशा गावावर लिहिते आहे. (स्पेलिंग पाहून आपण 'इयाम' वाचतो, पण उच्चार 'ईम'.) तिथल्या सेंट लॉरेन्स या 'पॅरिश चर्च'ला मराठीत 'गावचे चर्च' म्हटले तर चालेल का?

– चालेल, पण अर्थ निम्माच पोचेल. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या पदरातला मुलूख आणि त्यातली माणसे. मूळ ग्रीक शब्दात 'ओइकोस', म्हणजे घर, दडलेले आहे. तुमच्या ईमचेच पाहा. 1665 मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यासोबत तिथे प्लेग शिरला असे सांगतात. पुढच्या वर्षी रेक्टर (पॅरिशचे मुख्य धर्मगुरू) विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे धर्मोपदेशक थॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना शीव न ओलांडण्याची विनंती केली. लोकांनी ती पाळली. बाहेरचे लोक शिवेवर धान्य ठेवून जात. त्याचे पैसे दगडातल्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेले असत. चर्चमधली उपासना बंद झाली, ती जवळच्या घळीत उघड्यावर होऊ लागली. इमारतीला कुलूप, पण पॅरिश शाबूत! 'गावचे चर्च' या शब्दांत हे मावत नाही. वसईचे ख्रिस्ती बांधव 'धर्मग्राम' म्हणतात. मला तोच शब्द मनापासून आवडतो. 'धर्मग्रामाचे चर्च' लिहा.

– सहमत. फक्त 'पॅरिश कौन्सिल' आले की जपून. 1894 च्या कायद्याने गावकारभार चर्चपासून वेगळा काढला. तिथे पॅरिश म्हणजे जवळजवळ आपली ग्रामपंचायत; 'धर्मग्राम' लिहिणे चूक ठरेल.

– आणि 'हॅम्लेट'ला 'खेडे' नको, 'वाडी' म्हणा. जुन्या इंग्रजी समजुतीप्रमाणे चर्च असेल ते व्हिलेज, नसेल ती हॅम्लेट.

मग मॉम्पेसनना व्हिकर म्हणू का?

– नको. ते रेक्टर होते. पूर्वी पॅरिशचा सगळा दशमांश, म्हणजे लोकांनी चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, रेक्टरला मिळे. व्हिकर हा त्याच्या वतीने काम पाहणारा, त्याच्या वाट्याला सहसा लहान, म्हणजे किरकोळ उत्पन्नावरचा, दशमांश येई. लॅटिन 'विकारिउस' म्हणजे बदली माणूस. गोव्यातला 'विगार' (चर्चचा पाद्री) त्याच मुळाचा, पोर्तुगीजांकडून आलेला. दुसरीकडे कुठे हा शब्द लागलाच, तर 'व्हिकर' असाच लिहा. 'विकार' छापले गेले, तर प्लेगवरच्या लेखात वाचक रोगच समजेल.