मदत हवी आहे: शिरोलीतला सर्व्हर रिकव्हरीतनं बाहेरच येईना

नववी_गल्ली
अर्जंट आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा सर्व्हर मी बघतो. राहतो राजारामपुरीत. अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, पण मध्ये पंचगंगा. 2019 ला आणि 2021 ला हायवे पाण्याखाली गेला तेव्हा मशीन तिकडं आणि मी इकडं हात चोळत. म्हणून यंदा आधीच सोय केली. त्याच मशीनवर नेहमीच्या मोठ्या लिनक्सशेजारी रिकव्हरीसाठी एक छोटं लिनक्स टाकलं. मोठं बिघडलं की ग्रबला (मशीन सुरू होताना कुठलं लिनक्स उठवायचं ते ठरवणारा प्रोग्राम) सांगून एकदाच छोट्यात शिरायचं, दुरुस्ती करायची, परत मोठ्यात यायचं.

आज घरातनं ट्रायल घेतली. ग्रब-रीबूट (पुढच्या वेळी एकदाच अमुक उठव, असं सांगणारी कमांड) मारलं, छोटं उठलं, एसएसएच (लांबून लॉगिन) मिळालं. नाद खुळा. पण आता रीबूट केलं की परत छोटंच उठतंय. चार वेळा झालं. ग्रबच्या नोंदी ग्रब-एडिटएनव्हीनं बघितल्या तर नेक्स्ट-एंट्री, म्हणजे "एकदाच"ची नोंद, रिकामी दिसते! सकाळी सहाला शिफ्ट, डिस्पॅचची चलनं ह्याच मशीनवरनं निघतात. राजाराम बंधाऱ्यावर संध्याकाळी पंचगंगेचं पाणी 37 फूट होतं, पुराच्या इशारा पातळीच्या जवळ. लवकर सांगा.

कोष्टी_इचलकरंजी
कुठलं लिनक्स? मशीन सुरू करणारं फर्मवेअर जुनं बायोस की नवं युईएफआय? डिस्क किती, पार्टिशन कशी? "छोटं-मोठं" म्हणून काय कळणार?

नववी_गल्ली
दोन्ही डेबियन 12. युईएफआय. ते महत्त्वाचं नाही हो, एकदाच जा म्हटलेलं असताना परत परत का जातंय तेवढं सांगा.

आप्पा_उद्यमनगर
डुअल बूट (एका मशीनवर दोन सिस्टीम) हा पोरखेळ आहे. डिस्कच मेली तर छोटं मेलं आणि मोठंही मेलं. मी एक जुना डबा शेजारी जोडून ठेवतो, रोज रात्री त्यावर कॉपी. मेन बंद पडला की वॉचमनला फोन: निळी वायर काढ, दुसऱ्यात घाल. संपलं.

साडेपाच_वाजले
डुअल बूट केल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं पडतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक) वेळ ठेवतं आणि विंडोज तीच लोकल समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल कमांडला सेट-लोकल-आरटीसी 1 द्या. मी दोन दिवस घालवले होते यात.

नववी_गल्ली
विंडोज नाहीच आहे भावा.

साडेपाच_वाजले
दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

हिंजवडीतला_पाहुणा
आजच्या काळात फौंड्रीत सर्व्हर ठेवतंय कोण? क्लाउडवर टाका, पूर येऊ दे नाहीतर भूकंप.

आप्पा_उद्यमनगर
पाहुणे, 2019 ला आमच्याकडं चार दिवस नेट नव्हतं. तुमच्या क्लाउडवरनं चलन निघालं नसतं. ट्रक दारात उभा राहिला असता आणि ड्रायव्हरनं आम्हाला शिव्या घातल्या असत्या.

हिंजवडीतला_पाहुणा
चार दिवस हायवेच बंद होता ना? मग ट्रक जाणार होता कुठं?

कोष्टी_इचलकरंजी
तुमचं मिटलं की मुद्द्यावर या. नववी गल्ली, नेक्स्ट-एंट्री बघितली ती कुठल्या सिस्टीममधनं? आणि एलएसबीएलके (डिस्क-पार्टिशनची यादी देणारी कमांड) काय दाखवतं ते टाका. तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

नववी_गल्ली
छोट्यातनंच बघितली, दुसरं काही उठतच नाही तर अजून कुठनं बघणार? मोबाईलवर आहे, थोडक्यात सांगतो: एक टेराच्या दोन डिस्क. दोन्हींची मोठी पार्टिशन मिळून रेड 1 (दोन्हींवर तीच कॉपी), त्यावर मोठं. पहिल्या डिस्कवर 16 जीबीचं वेगळं पार्टिशन, त्यावर छोटं. वेगळं बूट पार्टिशन नाही.

कोष्टी_इचलकरंजी
रेड! हे सगळ्यात आधी सांगायचं होतं की ओ.

बूट फोल्डर रेडवर, म्हणजे ग्रबची नोंदी ठेवायची ग्रबएनव्ही फाइलही रेडवर. ग्रबला रेडवरचं वाचता येतं, लिहिता येत नाही. तुम्ही मोठ्यात बसून नेक्स्ट-एंट्री लिहिली, ती लिनक्सनं लिहिली. मशीन उठताना ग्रबनं ती वाचली. वाचल्यावर तो ती पुसतो, म्हणून "एकदाच" होतं. इथं त्याला पुसताच येईना, मग दर वेळी तीच एंट्री वाचून छोट्यात शिरतोय. एलव्हीएमवरही (डिस्कची जागा एकत्र करून वाटायची पद्धत) हाच प्रकार.

आणि तुम्हाला रिकामी दिसली ती छोट्याची स्वतःची ग्रबएनव्ही. ग्रब ती बघतच नाही.

नववी_गल्ली
मग आता?

कोष्टी_इचलकरंजी
छोट्यात एमडी-ॲडम आहे का?

नववी_गल्ली
नाही. छोटं मुद्दाम हलकं ठेवलंय.

कोष्टी_इचलकरंजी
रिकव्हरी ज्या डिस्कची करायची ती उघडायचं हत्यारच नाही, हलकं ठेवून करायचंय काय? ॲप्टनं टाका. मग एमडी-ॲडमला असेंबल-स्कॅन द्या, रेड एमएनटी फोल्डरवर माउंट करा (जोडा), आणि ग्रब-एडिटएनव्हीला एमएनटीच्या आतल्या बूट-ग्रब-ग्रबएनव्ही फाइलचा पूर्ण रस्ता देऊन अनसेट नेक्स्ट-एंट्री. रस्ता दिला नाही तर परत छोट्याचीच फाइल बदलाल. अनमाउंट करून मगच रीबूट.

उलटा_विचार
माझा अनुभव वेगळा आहे. डिफॉल्टच छोटं ठेवा. मोठ्यात जायचं ते दर वेळी एकदाच म्हणून. मोठं अडकलं की वीज बंद-चालू केली, छोटं आपोआप हातात.

आप्पा_उद्यमनगर
आणि रात्री लाइट गेली की? मशीन परत उठणार ते छोट्यात, सकाळी फौंड्री बंद. शिरोलीत पावसाळा काढलाय का कधी?

उलटा_विचार
यूपीएस नावाची वस्तू असते.

आप्पा_उद्यमनगर
बॅटरी चार वर्षं बदललेली नसते, तीही असते.

कोष्टी_इचलकरंजी
शिवाय त्या युक्तीलाही ग्रबला लिहिता यायलाच हवं. ह्यांच्या मशीनवर ती लागू नाही.

नववी_गल्ली
झालं!! 10.50 ला मोठं उठलं, चलनाचं सॉफ्टवेअर उघडलं. कोष्टीसाहेब, मिसळ लागू तुमची. पण परत असं होऊ नये म्हणून काय करू? रेड मोडायची नाही.

कोष्टी_इचलकरंजी
युईएफआय आहे ना (ते "महत्त्वाचं नाही" म्हणाला होता)? मग एकदाचं काम ग्रबकडनं काढून घ्या. छोट्याला त्याचा स्वतःचा ग्रब बसवा, पण बूटलोडर-आयडी (त्याचं नाव) वेगळं देऊन. दोन्ही डेबियन, नाव तेच राहिलं तर एकावर दुसरा चढेल. नवी एंट्री मदरबोर्डच्या बूट यादीत सगळ्यात वर जाऊन बसते, तेव्हा ईएफआय-बूटएमजीआर कमांडनं क्रम बदलून मोठं परत पहिलं करा. पुढं छोट्यात जायचं झालं की त्याच कमांडनं बूट-नेक्स्ट (पुढच्या वेळी एकदाच हे उठव). ती नोंद मदरबोर्डच पुसतो, रेड असो नसो.

मोठ्याच्या कर्नल ओळीत पॅनिक=10 घाला, नाहीतर कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभाच कोसळला) झाल्यावर मशीन रीबूट न होता तसंच थिजून बसतं. बॅकअपची बाहेरची डिस्क एफस्टॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) असेल तर तिला नोफेल (नसली तरी पुढं जा) लावा. नाहीतर तेवढ्या एका डिस्कपायी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये रूट पासवर्ड मागत बसतं आणि एसएसएच मिळत नाही.

आप्पा_उद्यमनगर
आणि मोठ्याचा ग्रबच बिघडला, किंवा मोठं अर्धवट उठून लटकलं, तर बूट-नेक्स्ट कोण मारणार? म्हणून म्हणतो, शेजारी डबा ठेवा.

कोष्टी_इचलकरंजी
हे मात्र खरं आहे आप्पा. मोठ्यात शिरता आलं तरच बूट-नेक्स्ट मारता येतो. त्यापुढं बाहेरून स्क्रीन आणि कीबोर्ड देणारं काहीतरी लागतं. मशीनला तशी आयपीएमआयची सोय आहे का?

नववी_गल्ली
साधा डेस्कटॉप आहे हो. मालक त्याला सर्व्हर म्हणतो म्हणून मी पण म्हणतो.

कोष्टी_इचलकरंजी
मग बूट-नेक्स्टची पहिली ट्रायल मशीनसमोर बसूनच घ्या. काही मदरबोर्ड ती नोंद मानत नाहीत. जाताच आहात तर बायोसमध्ये "वीज आली की आपोआप चालू" तेवढं बघून या.

नववी_गल्ली
उद्या सकाळी सातला निघतो. आप्पा, तो जुना डबा केवढ्याला द्याल?

तांबडा_पांढरा
आत्ताच शिये रस्त्यानं आलो, शेतात पाणी शिरलंय. सात कशाला, पाचला निघा.