सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. पुढच्या तपासणीपर्यंतचे दिवस कसे काढावेत?

पाळीच्या तारखेप्रमाणे मला सातवा आठवडा संपत आला आहे. परवा योनीमार्गे सोनोग्राफी झाली. गर्भाभोवतीची पिशवी गर्भाशयातच आहे, आत यॉक सॅकही (गर्भाला सुरुवातीला पोषण देणारा छोटा कोश) दिसते. परंतु गर्भाचा अंकुर आणि हृदयाचे ठोके दिसले नाहीत. पिशवीचा सरासरी व्यास १६ मिमी असून रिपोर्टच्या तळाशी ‘व्हायेबिलिटी अनिश्चित, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी’ असा शेरा आहे, म्हणजे गर्भ नीट वाढतो आहे की नाही हे अजून सांगता येत नाही.

माझी पाळी ३५ ते ४० दिवसांनी येते. त्यामुळे गर्भधारणा उशिरा झाली असेल आणि गर्भाचे खरे वय सहा आठवड्यांच्या आतबाहेर असेल, अशी शक्यता डॉक्टरांनी बोलून दाखवली. पिशवी २५ मिमीची होऊनही गर्भ न दिसणे किंवा गर्भाची लांबी ७ मिमी असूनही ठोके नसणे, यांपैकी काही आढळल्याशिवाय गर्भ वाढत नाही असे म्हणता येत नाही, आणि यॉक सॅक दिसल्यानंतर किमान ११ दिवस गेल्याशिवाय ठोके नसण्यावरूनही निष्कर्ष काढू नये, असे त्यांनी समजावले. मला ते पटले आहे. तीव्र पोटदुखी, चक्कर किंवा तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव झाला, तर वाट न पाहता निघून यावे, हेही त्यांनी सांगितले आहे.

यजमानांना मात्र एक दिवसाआड बीटा एचसीजी (गर्भधारणेच्या संप्रेरकाची रक्ततपासणी) करून पाहावेसे वाटते. पिशवी गर्भाशयात दिसल्यानंतर त्या आकड्यावरून ठोके येतील की नाही हे कळत नाही, असे डॉक्टर म्हणाले, तरी त्यांचे समाधान होत नाही.

अडचण घरचीही आहे. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर वाच्यता करायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे मैत्रिणींशी बोलता येत नाही, आणि सासूबाई रोज संध्याकाळी फोनवर, मायेनेच, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ असे विचारतात. त्यांना खरे सांगावे तर देवाला नवस बोलले जातील, न सांगावे तर खोटे बोलल्यासारखे होते.

आपल्यापैकी कोणी अशा अनिश्चिततेतून गेले असल्यास घरच्यांना काय आणि किती सांगितले, ऑफिसात रजेचे कारण काय दिले, रात्री मोबाइलवर शोधत बसण्याची सवय कशी आवरली, हे कृपया लिहावे. ज्यांना पुढे ठोके दिसले त्यांनी तर लिहावेच, पण ज्यांना दिसले नाहीत त्यांचाही अनुभव मला वाचायचा आहे. औषधे कृपया सुचवू नयेत.