बारदान, बासन, जुजबंदी: पॅकेजिंग आणि बुकमेकिंगला आपल्याकडे काय म्हणतात?

हळदवेल
नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातली, नागपूरला उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात तीन कामं आहेत: टायपोग्राफीसाठी देवनागरी अक्षरांचा मोठा तक्ता, गावच्या एखाद्या मालाचं पॅकेजिंग आणि हाताने शिवलेलं एक पुस्तक. माल लगेच ठरला, आमच्याकडची वायगावची हळद. भौगोलिक मानांकनही आहे तिला. अहवाल मराठीत लिहिते म्हणून सरांकडून परवानगी घेतली आणि तिथेच फसले. पहिल्याच पानावर शब्द अडले. पॅकेजिंगला 'संवेष्टन' सापडला. आईला वाक्य वाचून दाखवलं तर म्हणते, "कोनाच्या तेरवीचं कारड आहे काय वं हे?" शब्द चूक नाही, पण माझ्या तोंडात बसत नाही. छापखान्यात, बांधणीवाल्यांकडे, बाजारात माणसं खरोखर काय म्हणतात ते हवं आहे.

जुना जुळारी
पोरी, टायपोग्राफीला शब्द शोधत बसू नको. विषयाचं नाव म्हणून टायपोग्राफी चालू दे. त्यातल्या कामांना मात्र शब्द आहेत, ते घे. यवतमाळकडे तालुक्याच्या गावी आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि निवडणूक आली की पत्रकं. टाइपाला आम्ही खिळे म्हणायचो आणि ते जुळवणारा तो जुळारी, म्हणजे मी. कामाचं नाव जुळणी. अजूनही जुन्या पुस्तकांत 'अक्षरजुळणी' छापलेलं दिसेल.

तुम्ही संगणकावर 'लेडिंग' वाढवता-कमी करता ना, ते लेड म्हणजे शिसं. दोन ओळींच्या मध्ये आम्ही शिशाची पातळ पट्टी ठेवायचो. गिऱ्हाईक म्हणालं, "मजकूर गच्च झाला," की पट्ट्या टाकायच्या. मजकूर पानात मावत नसला की काढायच्या. संध्याकाळी हात काळे, आणि घरी गेल्यावर आधी साबण, मग चहा.

आता बांधणी. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीनदा दुमडला की ८ पानं, म्हणजे १६ पृष्ठं होतात. तो झाला १६ पानी फर्मा, इथे पान म्हणजे पृष्ठ. असे फर्मे दुमडीतून दोऱ्याने एकमेकांना शिवत जायचं, ती जुजबंदी. तुझ्या हाताने शिवलेल्या पुस्तकाचं हेच नाव. दोरा मेणावरून ओढून घे, नाहीतर कागद कापेल. वहीला मधोमध दोन पिना मारतात ती जुजबंदी नव्हे, ते पिनिंग.

हळदवेल
काका, जुजबंदी शब्द पहिल्यांदाच ऐकला. 'जुजबी'शी काही नातं आहे का? कारण सर माझ्या आधीच्या अहवालाला 'जुजबी' म्हणाले होते!

कोशातला किडा
आहे, पण आई-लेकीचं नाही, बहिणींचं. मूळ अरबी 'जुज', म्हणजे भाग. फारसीतून आपल्याकडे आला. कुराणाच्या ३० भागांनाही जुज म्हणतात. पुस्तकाचा एक भाग तो जुज, भाग एकत्र बांधणं ती जुजबंदी. आणि पूर्ण नाही, नुसता एखादा भाग, थोडकं, वरवरचं ते जुजबी. तेव्हा सरांना सांगा, जुजबंदी केली की जुजबीपणा जातो. (मार्क वाढतील याची हमी नाही.)

कागदाच्या दस्त्याचंही असंच. फारसी 'दस्त' म्हणजे हात. हातात मावतील तेवढे ताव तो दस्ता, २४ तावांचा. बांधणीवाल्याकडे जाताना ताव, दस्ता आणि रीम एवढे तीन शब्द तरी पाठ करून जा.

तूरवाला
पॅकेजिंगसाठी एवढं काय डोकं खाजवता? बारदान. आमच्या बाजार समितीत दिवसभर हाच शब्द. गेल्या साली तूर घेऊन खरेदी केंद्रावर तीन दिवस झोपलो. रोज एकच उत्तर, "बारदाना नाई, उद्या या." माल आहे, काटा आहे, माणूस आहे, पोतं नाही म्हणून खरेदी बंद. पॅकेजिंगची किंमत मले विचारा.

कोशातला किडा
बारदान व्युत्पत्तीनेही चपखल बसतो. 'बार' म्हणजे ओझं, 'दान' म्हणजे ठेवायची वस्तू. अत्तरदाणी, पिकदाणी यांतली 'दाणी' तीच.

पाटीवरचा रंग
थांबा. मी अमरावतीकडे दुकानांच्या पाट्या आणि लेबलं करतो. व्युत्पत्ती मान्य, वापर अमान्य. गिऱ्हाइकाला 'तुमच्या मसाल्याचं बारदान डिझाइन करतो' म्हटलं तर तो मला गोणपाटवाला समजेल. आणि बाजारात बारदान म्हणजे वजनातून वजा करायची गोष्ट. आधी त्याचं वजन कापतात, वरून कडता, म्हणजे तुटीच्या नावाने जादा वजन, कापतात, मग उरलं ते शेतकऱ्याचं. इथे या ताईंना मार्क मिळणार आहेत नेमके त्या वजा करायच्या वस्तूचे! अहवालात 'वेष्टन' लिहा, बोलताना पॅकेजिंग म्हणा. लहान पाकिटाला 'पुडी' आहेच. हळदीची पुडी म्हटलं की वास येतो, 'संवेष्टन' म्हटलं की नाही.

तूरवाला
भाऊ, वजा होते म्हणूनच तर डब्यावर 'निव्वळ वजन' लिहा लागते ना? मग बारदान तिथं आलंच की, नाव नाही घेतलं तरी.

पाटीवरचा रंग
हे मात्र खरं.

रिद्धपूरकडची
कापडाचा शब्द कुणी काढलाच नाही: बासन. आमच्याकडे आबाजींच्या पोथ्या अजून लाल बासनात आहेत. महानुभाव घर. पोथी काढताना गाठ सोडायची, वाचून झालं की चारी टोकं आत घेऊन परत बांधायची. लहान पोरांना गाठ सोडायला परवानगी नव्हती, बांधायला होती. सरकारी योजना 'बासनात गुंडाळली' हे रोज वर्तमानपत्रात वाचतो, पण बासन पाहिलेलं नसतं. नागपूरकडे हिंदीच्या संगतीने काहींना ते भांडं वाटतं, तेवढं जपा. बाई, तू पुस्तकही शिवते आहेस आणि पुड्यांचंही काम करते आहेस, तर दोन्हीच्या मधला हाच शब्द आहे बघ.

हळदवेल
ताई, हे आधी कळलं असतं तर पुस्तकाला पुठ्ठ्याची पेटी केलीच नसती. सगळ्यांना एकत्र सांगते काय झालं ते.

तक्त्यावर मी 'वऱ्हाड' मोठ्या टाइपात घेतला होता. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली आणि छापून आलं 'वर्हाड'. 'ह'च्या डोक्यावर रफार. मला आधी दिसलंच नाही, सोबतच्या मुलीने दाखवलं. कारण नंतर कळलं. मी र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असं टाइप केलं होतं. मजकूर उचलताना ते जोडचिन्ह गळालं की 'र'चा रफार होतो. त्याऐवजी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त द्यायचा, मग गळण्यासारखं काही राहत नाही. सर म्हणाले, आचाऱ्यांना वाढलेली बक्षिसी आचार्यांना जाते ती अशी. आपल्या प्रदेशाच्या नावातच हे अक्षर आहे, म्हणून तक्ता आता त्या एकाच अक्षरावर करते आहे: वऱ्हाड, पऱ्हाटी, सुऱ्या, दऱ्या. शेजारी 'ल' आणि 'श' पण घेतले. पाकळीचा ल आणि देठाचा श. २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी हेच रूप धरलं आहे, तरी संगणकावरचे बरेच फॉन्ट सवयीने हिंदी वळणाचे देतात.

जुना जुळारी
आमच्याकडे तो ऱ्याचा खिळा वेगळा असायचा. हरवला की दुसऱ्या अक्षराचा खिळा घासून काम भागवायचो. पुस्तक कुठवर आलं?

हळदवेल
शिवून झालं. सुई जाईना म्हणून घरून बाबांचं दाभण आणलं, पोतं शिवायचं. भोकं मोठी पडली, पण दोरा पहिल्यांदाच सरळ गेला. पुठ्ठ्याला खळ लावायची आहे. मैद्याची करते, त्यात मोरचूद टाकायचा असं ऐकलं. हळदीच्या डब्यालाही तीच वापरू का?

जुना जुळारी
अजिबात नको! मोरचूद विषारी. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून तो घालतात, तेही चिमूटभर. खाण्याच्या वस्तूच्या जवळपास ती खळ नेऊ नकोस. डब्याला नुसती मैद्याची, ताजी, आणि भांडंही वेगळं ठेव. दाभणाच्या भोकांवर आतून पातळ कागदाची पट्टी चिकटव, दिसणार नाहीत. आणि बाबांचं दाभण परत दे, तुरीचे दिवस आहेत.

हळदवेल
देते काका. लेबलवर शेवटी 'वायगावची हळद, निव्वळ वजन २०० ग्रॅम' एवढंच घेतलं आहे. एकच राहिलं: आमच्याकडे पोत्याला चुंगडंही म्हणतात आणि कट्टाही. दोन्ही एकच का?

तूरवाला
आमच्याकडं तरी नाही. कट्टा लहान, माणूस एकटा उचलते. चुंगडं म्हणजे कोणतंही पोतं, त्यात लसणापासून फाटक्या कपड्यांपर्यंत काहीही असू शकते.