मॉथ १२ नॉटच्या पुढे पाण्याबाहेर उडी मारते, वाँड कापून छोटी करू का?

वाराखाऊ:
खडकवासल्यावर जुनी घेतलेली मॉथ, म्हणजे फॉइलवर (पाण्याखालच्या पंखांवर) उडणारी एकट्याची शिडाची बोट. ८-९ नॉट वाऱ्याला छान उडते, उंची स्थिर राहते. वारा १२-१३ झाला आणि डाउनविंडला (वारा जातो त्या दिशेला) वळून वेग घेतला की बोट वर वर चढते, मुख्य फॉइल पाण्याबाहेर येतं आणि धाडकन आपटते. राइड हाइट (उडण्याची उंची) सगळ्यात खाली करून पाहिली, फारसा फरक नाही. वाँड, म्हणजे नाकावरची पाण्याला टेकून उंची जोखणारी काठी, कापू का?

बेलक्रँक:
थांबा हो, करवत कुठे पळून जात नाही. कमी वेगाला ठीक आणि वेग वाढला की चढते, म्हणजे आधी वाँडचं रबर बघा. बोट खाली असते तेव्हा पाणी वाँडला मागे रेटतं, वाँडला जोडलेला पुशरॉड फॉइलच्या मागच्या कडेचा फ्लॅप खाली करतो, लिफ्ट (वर उचलणारा जोर) वाढते. बोट वर आली की रबर वाँडला पुढे ओढून उभी करतं, फ्लॅप वर येतो, लिफ्ट उतरते. रबर मेलेलं असेल तर १८-२० नॉट वेगाला पाण्याचा मारा वाँडला मागेच दाबून धरतो. फ्लॅपच्या लेखी बोट अजून खालीच!

बोट ट्रॉलीवर आडवी करा, वाँड पूर्ण मागे नेऊन सोडा. टचकन परत यायला हवी. रेंगाळली तर रबर बदला, उन्हात ठेवलेलं लवकर सैल पडतं. मग एकाने फ्लॅप घट्ट धरायचा, दुसऱ्याने वाँडचं टोक हलवायचं. टोक चार-पाच बोटं सरकतंय आणि धरलेल्या हाताला काहीच जाणवत नाही, तर सांधे झिजलेत: रॉडची टोकं, बेलक्रँकची (रॉडची दिशा वळवणाऱ्या तुकड्याची) पिन, फ्लॅपची बिजागरी.

मुठाकाठ:
रबराशी सहमत. पण रडरही (मागचं सुकाणू, त्यालाही फॉइल असतं) बघा. डाउनविंडला टिलरचं एक्स्टेंशन (सुकाणूच्या दांड्याची लांब मूठ) पिळून रडर फॉइलची लिफ्ट वाढवा: शेपूट उचलतं, नाक दबतं. टेकऑफला याच्या उलट. हे वरच्या मार्कला (वाऱ्याकडच्या बोयाला) वळायच्या आधी उरका, वळताना हात रिकामा नसतो. एका वेळी अर्धा वळसा, आणि त्या फेरीत दुसरं काही हलवू नका.

अपविंडलाही (वाऱ्याच्या विरुद्ध जाताना) फॉइल हवा ओढत असेल तर ती वेगळी भानगड. वाऱ्याकडे जास्त कललात की फॉइलचं पलीकडचं टोक वर येतं आणि तिथून हवा शिरते. तिथे वाँडला दोष देऊ नका.

आणि मुंबईच्या बोटींचं सेटिंग जसंच्या तसं उचलू नका. गोडं पाणी समुद्रापेक्षा सुमारे २.५ टक्के हलकं, धरण समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या आसपास, म्हणजे हवाही साधारण ५ टक्के विरळ. त्याच नॉटला जोर कमी मिळतो. (मुंबईकर याला पुणेरी सबब म्हणतील. म्हणू देत.)

वाराखाऊ:
वाँड सोडली की अर्ध्यावर येऊन अडते. हाताने पुढे ढकलली की जाते. रबर ताणलेलं वाटतंय.

बेलक्रँक:
मग घर्षण आहे. पुशरॉड वाँडपासून सोडवा आणि नुसती वाँड झुलवा. मोकळी फिरली तर अडचण वाँडच्या पलीकडे आहे: रॉड वाकलाय, किंवा तो ज्या नळीतून जातो तिच्यात गाळ बसलाय. नळी गोड्या पाण्याने धुवा, वाळली की सिलिकॉन स्प्रे. ग्रीस नको, त्याला रेती चिकटते आणि आठवड्यात पुन्हा तेच. रॉड काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर लगेच कळेल. सरळ करत बसू नका, नवा टाका.