वेटरला देतो त्या पैशाला मराठीत काय म्हणायचं?

गेल्या महिन्यात कर्वे रस्त्याजवळच्या एका हॉटेलच्या मेनुकार्डाचं मराठी भाषांतर करायचं काम माझ्याकडे आलं. पदार्थांची नावं भराभर झाली. अडले ती शेवटच्या ओळीवर. टिप देणं ऐच्छिक आहे, एवढंच सांगायचं होतं. 'टिप' हा शब्द मराठी मजकुरात नको वाटला, म्हणून मी लिहिलं, 'बक्षीस देणे ऐच्छिक आहे.' छापण्याआधीचा कागद घेऊन दाखवायला गेले, तेव्हा मालक यायचे होते. तिथे एक वयस्कर वेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी चहा ठेवता ठेवता कागद वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हे बक्षीस नका लिहू. बक्षीस पोरांना देतात. आम्ही काम करतो."

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही.

मामांचं म्हणणं शब्दाच्या अंगानेही खरं आहे. बक्षीस मूळ फारसी 'बख्शिश'. तिथल्या क्रियापदात देणं आणि माफ करणं, हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे देणारा वर, घेणारा खाली. तुर्कस्तानापासून इजिप्तपर्यंत हॉटेलातल्या टिपला आजही याच शब्दाची रूपं वापरतात. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ सरकत गेला. शाळेतलं बक्षीस, कुस्तीतलं बक्षीस, वकिलाकडचं बक्षीसपत्र. मराठी माणसाच्या कानाला आज बक्षीस म्हणजे स्पर्धा जिंकल्याचं फळ, नाहीतर मोठ्याने लहानाला खूश होऊन दिलेलं काहीतरी. सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत ताटं उचलणाऱ्या साठीच्या माणसाला यातलं काहीच लागू पडत नाही.

मग मराठीत दुसरं काय आहे, याचा शोध सुरू केला. आपल्याकडे असल्या पैशाला शब्द पुष्कळ आहेत, पण कोणता शब्द वापरायचा हे रक्कम ठरवत नाही, घेणाऱ्याची प्रतिष्ठा ठरवते. भटजींना देतो ती दक्षिणा. गवयाला, कीर्तनकाराला देतो ती बिदागी. हा शब्द निरोपाशी जोडलेला आहे, पाहुणा कलावंत जाताना त्याच्या हातात ठेवायची ती रक्कम. नोकराला मिळतं ते बक्षीस, कारकुनाला मिळते ती चिरीमिरी. हातातली पाचशेची नोट तीच असते, शब्द मात्र समोरच्याची पायरी पाहून बदलतो.

पुण्यात तर दक्षिणेचा इतिहासच आहे. श्रावणातली दक्षिणा सुरू केली तळेगावच्या दाभाड्यांनी, पुढे ती पेशव्यांकडे आली आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात वाटली जायची. पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून इंग्रजांनी १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि नंतर त्यातला काही भाग चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षिसं देण्याकडे वळवला. दक्षिणेचं बक्षीस झालं, पैसा तोच राहिला. घेणाऱ्याला मात्र दक्षिणा घेताना कधी मान खाली घालावी लागली नाही. तो मान शब्दात आहे. तसा मान देणारा शब्द वाढप्यासाठी आपण घडवलाच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक शब्द मात्र मला फार जवळचा वाटतो, तो म्हणजे पोस्त. दिवाळीची पोस्त, म्हणजे सणाला कामाच्या माणसांना द्यायचे पैसे. चाळिशीच्या आतल्या पुणेकरांना तो बहुतेक ऐकून माहीत असेल किंवा नसेलही. माझ्या लहानपणी आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात दिवाळीला पोस्टमन, लाइनमन, झाडणारी बाई असे सगळे येत. आजी त्यांच्यासाठी आधीच पाकिटं करून देवघरातल्या फळीवर ओळीने ठेवायची. कोणी 'द्या ना काहीतरी' म्हणत नसे. दारात उभं राहून "आजी, पोस्त" एवढंच. आणि एखाद्याचं पाकीट द्यायचं राहिलं, तर तो दुसऱ्या दिवशी सरळ येऊन सांगायचा, माझी पोस्त राहिली. 'माझी' हा शब्द महत्त्वाचा. बक्षिसाला कोणी देण्याआधी माझं म्हणत नाही. पोस्त ही रिवाजाने बांधलेली होती, तिचा दिवस ठरलेला, माणसं ठरलेली. त्यामुळे मागणाऱ्याला संकोच नव्हता आणि देणाऱ्याला उपकाराचा तोरा नव्हता.

गावगाड्यातलं बलुतंही असंच. सुगीच्या वेळी खळ्यावर सुताराचा, लोहाराचा, न्हाव्याचा वाटा निघायचा, तो त्यांचा हक्क होता. त्या व्यवस्थेत जातीचा जाच किती होता हे मला माहीत आहे आणि मी तिचं गुणगान करत नाही. फक्त शब्दाकडे बघा. कामाच्या मोबदल्याला भाषेने हक्काचं नाव दिलं होतं. पगारी नोकरी आली, त्या हक्काची जागा पगाराने घेतली, आणि पगाराच्या वर जे द्यायचं त्याला आपल्याकडे कृपेचे शब्दच तेवढे उरले.

चहापाणी या शब्दाबद्दल मला हळहळ वाटते. शब्द किती साधा आणि माणुसकीचा आहे. घाम गाळलेल्या माणसाने चहा प्यावा, पाणी प्यावं. जगभर लोकांनी हाच विचार केलेला दिसतो. जर्मन लोक टिपला ट्रिंकगेल्ड म्हणतात, म्हणजे पिण्याचे पैसे. फ्रेंच पूरब्वार म्हणतात, त्याचा अर्थही पिण्यासाठी. रशियन भाषेत तर शब्द थेट चहावरून आहे, चायेवीये. म्हणजे आपला चहापाणी या घराण्यात शोभून दिसला असता. पण सरकारी कचेऱ्यांनी तो नासवला. आता कोणी "जरा चहापाण्याचं बघा" म्हटलं की ऐकणाऱ्याला फाईल आणि टेबल आठवतं. फर्निचर वर चढवणारे हमाल अजून निर्मळ मनाने तो शब्द वापरतात, तेवढीच त्याची शिल्लक. चिरीमिरीचं तर बोलायलाच नको, ती आता फक्त लाच आहे. दस्तुरी, म्हणजे रिवाजाने द्यायचा पैसा, दलालीकडे गेली. वरकमाई म्हटलं की माणूस चोर ठरतो.

उरते खुशी. "खुशीनं काय द्यायचं ते द्या." बँडवाले, टेम्पोवाले, लग्नातले आचारी असं म्हणतात. ऐकायला गोड आहे, पण यात खुशी देणाऱ्याची. त्याची मर्जी असेल तर मिळणार. मेनुकार्डावर हे लिहिलं असतं, तर मामांनी त्यावरही बोट ठेवलं असतं असं मला वाटतं.

आता टिप या शब्दाचंच बघू. इंग्रजीत तो सतराव्या शतकात चोरांच्या बोलीतून वर आला असं मानतात. तिथे त्याचा अर्थ 'दे', 'सरकव' असा होता. तत्पर सेवेची हमी असा अर्थ देणाऱ्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून टिप तयार झाला, ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट मागाहून रचलेली आहे, ती कृपया कोणी पुढे पाठवू नये. मराठीत आल्यावर या शब्दाची गाठ आपल्या जुन्या 'टीप'शी पडली. ग्रंथातली तळटीप, शिंप्याची टीप, पोलिसांना मिळणारी टीप, गाण्यातला टिपेचा सूर. शुद्धलेखनाचा नियम लावला तर अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार दीर्घ, म्हणून पैशांची टिपही 'टीप' अशीच लिहायला हवी. लोक मात्र ऱ्हस्व लिहितात, आणि मला त्यात एक शहाणपण दिसतं. बोलतानाही आपण दोन्ही शब्द वेगळे ठेवतो. तळटिपेत म्हणतो, सूर टिपेला गेला म्हणतो, पण पैशांच्या बाबतीत 'टिपेचे पैसे' असं कोणी म्हणत नाही, 'टिपचे पैसे' म्हणतात. जुन्याचं अनेकवचन टिपा, याचं टिप्स. म्हणजे शब्द रुळला, पण विभक्तीत अजून वाकला नाही. घरात आलेल्या पाहुण्याने चप्पल अजून दारातच ठेवावी तसं आहे हे.

मुख्य म्हणजे या परक्या शब्दाला आपल्या कानात उंची-खोली नाही. तो बक्षिसासारखा वरून येत नाही. कदाचित म्हणूनच वेटर मंडळींनी तो सहज उचलला.

आणि एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. प्रत्यक्ष देताना आपण नाम वापरतच नाही. पुण्यात कुठल्याही हॉटेलात बघा. बिलाच्या घडीत सुटे पैसे येतात, शेजारी बडीशेप, आणि गिऱ्हाईक हात हलवून म्हणतं, "राहू द्या." तरुण पोरगा असेल तर "राहू दे", "ठेव रे". माझे वडील तेवढंही बोलत नसत, नोट बशीखाली सरकवून उठायचे. देण्याचा उल्लेखही टाळायचा, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मराठीने या पैशाला चांगलं नाव दिलं नसेल, पण 'राहू द्या' हे क्रियापद फार सभ्य दिलं आहे. आता पैसे मोबाइलवरून जातात, बिलाची रक्कम नेमकी तेवढीच चुकती होते, सुटे परत येतच नाहीत आणि 'राहू द्या' म्हणायची वेळच येत नाही. मामा म्हणतात, त्यामुळे त्यांचं उत्पन्न चांगलंच घटलं.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे बिलावर पंधरा-वीस टक्के टिप द्यावीच लागते, कारण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचं किमान वेतन तिथल्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर इतकंच आहे. टिप धरूनही सर्वसाधारण किमान वेतन भरलं नाही, तर फरक मालकाने द्यायचा. भाचा म्हणतो, "मावशी, तिथे टिप म्हणजे पगारच." आमच्या शेजारच्या निवृत्त बाईंचं मत अगदी उलट. पगार देणं मालकाचं काम, ते माझ्यावर का ढकलता? दोघांचंही मला पटतं. पण बाईंचं म्हणणं पुरतं मान्य करायचं तर आधी मालक पुरेसा पगार देतो का, हे विचारायला हवं, आणि ते आपण कोणी विचारत नाही.

कायद्याची भाषाही या पैशाला नाव शोधत फिरली आहे. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलांनी बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे २०२३ च्या अंतरिम आदेशात सर्व्हिस चार्जऐवजी 'स्टाफ कॉन्ट्रिब्युशन' म्हणा असा पर्याय आला, कारण सर्व्हिस चार्ज म्हटलं की लोकांना तो सरकारी कर वाटतो. पुढे २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने प्राधिकरणाचे निर्देश कायम ठेवले. ग्राहकाने स्वतःहून टिप द्यायला आडकाठी कधीच नव्हती. बिलावरचा पाच टक्के जीएसटी सरकारचा, सर्व्हिस चार्ज हॉटेलचा, आणि टिप वेटरची, हे तीन वेगळे आहेत एवढं तरी प्रत्येकाला माहीत असावं. 'आम्ही सर्व्हिसचे पैसे दिलेत की' असं म्हणून जीएसटीकडे बोट दाखवणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

इंग्रजीत टिपला ग्रॅच्युइटीही म्हणतात. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे कायद्याने मिळणारी नोकरीअखेरची रक्कम, सरकारी मराठीत उपदान. एकाच इंग्रजी शब्दाची मर्जी तिकडे राहिली आणि इकडे हक्क झाला. शब्दाचं असं होऊ शकतं, हे पाहून मला बरं वाटलं.

परवा रात्री दुरुस्त केलेला कागद घेऊन पुन्हा गेले, तेव्हा हॉटेल बंद होत होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर मामांनी गल्ल्याशेजारचा स्टीलचा डबा उपडा केला. दहाच्या, वीसच्या नोटा, काही नाणी, एक पन्नासची. दहाच्या दुमडलेल्या नोटा ते अंगठ्याने सपाट करून एकावर एक रचत होते. पाच वेटर, एक पाणी देणारा पोऱ्या आणि मोरीपाशी भांडी घासणाऱ्या दोन मावशी. मावशींच्या वाट्याचे पैसे सगळ्यांत आधी बाजूला काढले गेले. मी विचारलं, याला तुम्ही आपसात काय म्हणता? पोऱ्याच पटकन म्हणाला, "वाटणी." गिऱ्हाइकाच्या हातातून सुटेपर्यंत टिप, आणि डब्यात पडली की वाटणी. भावाभावांत जमिनीची होते ती वाटणी, मजुरांत कामाच्या पैशाची होते ती वाटणी. हा शब्द मी इतके दिवस कोशात शोधत होते.

कागदावर मी आता लिहिलं होतं, 'टिप देणे ऐच्छिक आहे. ती सर्व कामगारांत वाटली जाते.' मामांनी दिव्याखाली धरून दोनदा वाचलं.

"सर्व म्हटलं की लोकांना आम्ही पाचच दिसतो," ते म्हणाले. "भांडी घासणाऱ्यांसह, असं घाला."

घातलं.